कॉम्प्युटर सिक्युरिटी आणि फॉर्मल मेथड्समधलं संशोधन व करिअर: नागपूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की माझ्याकडे मेसेज यायला लागतात. कुणाला सायबर सिक्युरिटीत जायचं असतं, कुणी फॉर्मल मेथड्स हा शब्द पहिल्यांदाच ऐकलेला असतो, कुणाचे बाबा स्वतः फोन करतात. मी याच विषयात पीएच.डी. केली, नागपुरातच शिकवतो, आणि दर शनिवारी संध्याकाळी बजाज नगरात आम्ही सात-आठ जण एका फळ्यासमोर बसतो. तिथे आणि फोनवर पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तो भाग घाईत सांगितला की मुलं भलत्याच वाटेला लागतात, हे मी पाहिलं आहे.

फॉर्मल मेथड्स म्हणजे काय? साध्या मराठीत सांगा.

दहावीची भूमिती आठवा. प्रमेय आलं की आधी 'पक्ष' लिहायचा, मग 'साध्य', मग 'सिद्धता'. प्रोग्रामच्या बाबतीत हेच करायचं. प्रोग्राम सुरू होण्याआधी काय खरं आहे ते पक्षात. तो संपल्यावर काय खरं असायला हवं ते साध्यात. आणि पक्ष पाळणारा कुठलाही इनपुट दिला तरी प्रोग्राम साध्यापर्यंत पोहोचतोच, ही सिद्धता. टोनी होअर यांनी १९६९ मध्ये प्रोग्रामसाठी ही मांडणी करून दाखवली, आणि ती आजही त्यांच्याच नावाने शिकवली जाते.

एक उदाहरण जवळून पाहू. बायनरी सर्च तुम्ही दुसऱ्या वर्षाला लिहिलेला असतो. यादीचा मधला क्रमांक काढायला आपण लिहितो: खालचा अधिक वरचा, भागिले दोन. यात चूक सापडते का बघा. आता खालचा क्रमांक १५० कोटी आणि वरचा २०० कोटी घ्या. जावात साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ च्या वर जात नाही. बेरीज ३५० कोटी होते, ती मावत नाही, आणि मशीन ती उणे ७९,४९,६७,२९६ अशी वाचतं. अर्धं केलं की उणे ३९,७४,८३,६४८. म्हणजे यादीतल्या उणे एकोणचाळीस कोटीव्या घरात डोकवायचं. प्रोग्राम कोसळतो.

ही चूक विद्यार्थ्याच्या वहीतली नव्हे. जावाच्या अधिकृत लायब्ररीत ती सुमारे नऊ वर्षं बसून होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली, आणि तो कोड त्यांनी स्वतःच लिहिलेला होता. इतकी मोठी यादी कुणी वापरत नव्हतं, म्हणून कुठल्याच टेस्टमध्ये ती आली नाही. कुणी सिद्धता लिहायला बसला असता तर पहिल्याच पायरीवर अडला असता, कारण 'बेरीज मावते' हे कुठल्याही पक्षात लिहिलेलं नाही. उपाय एका ओळीचा: खालचा अधिक, वरच्यातून खालचा वजा करून त्याचं अर्धं.

सिद्धता हाताने लिहिता येते, पण मोठ्या कोडसाठी मशीनची मदत घेतात. मॉडेल चेकर प्रणालीच्या सगळ्या शक्य अवस्था पिंजून काढतो आणि चूक असेल तर तिथपर्यंतचा रस्ता दाखवतो. प्रूफ असिस्टंटमध्ये सिद्धता माणूस रचतो, मशीन तिची प्रत्येक पायरी तपासतं. पूर्वी कॉक आणि आता रॉक म्हणतात ते, इझाबेल आणि लीन हे त्यातले मोठे. झेड३ सारखे सॉल्व्हर तर्काचे छोटे तुकडे स्वतःच सोडवून देतात.

म्हणजे टेस्टिंगची गरज नाही?

आहे. सिद्धता महाग असते आणि ती मॉडेलबद्दल बोलते. खरी वस्तू चालवून बघावीच लागते.

याचा सिक्युरिटीशी काय संबंध? सिक्युरिटी म्हणजे हॅकिंग ना?

सर्वसाधारण बग हजारातून एकदा वर येतो. सिक्युरिटीत समोरचा माणूस तोच एक प्रसंग मुद्दाम घडवून आणतो. त्यामुळे 'हे सहसा होत नाही' या उत्तराला इथे काही किंमत नाही. 'हे होऊच शकत नाही' असं म्हणायची पद्धत हवी, आणि ती सिद्धतेची आहे.

मला या विषयात ओढणारं उदाहरण सांगतो. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ मध्ये दोन जणांनी एकमेकांची ओळख पटवायचा एक प्रोटोकॉल, म्हणजे निरोपांच्या देवाणघेवाणीची ठरलेली रीत, मांडला. तीन निरोपांचा खेळ. समजा, प्रत्येकाकडे स्वतःचं कुलूप आहे. ते कुणीही लावू शकतं, पण उघडतो फक्त मालक. अलका एक गुप्त आकडा आणि आपलं नाव बाळूच्या कुलपात बंद करून पाठवते. बाळू तो आकडा आणि स्वतःचा नवा आकडा अलकाच्या कुलपात परत पाठवतो. अलका बाळूचा आकडा बाळूच्या कुलपात परत करते. दोघांचेही आकडे फक्त दोघांना ठाऊक, ओळख पटली.

आता अलका एका तिसऱ्या माणसाशी बोलायला जाते, आणि तो लबाड आहे. ती आपला आकडा त्याच्या कुलपात पाठवते. तो उघडतो, तोच निरोप बाळूच्या कुलपात घालतो आणि अलकाच्या नावाने बाळूकडे धाडतो. बाळू रीतसर उत्तर देतो, अलकाच्या कुलपात. लबाडाला ते उघडता येत नाही, म्हणून तो ते जसंच्या तसं अलकाकडे सरकवतो. अलकाला वाटतं, आतला नवा आकडा याच माणसाचा. ती तो आकडा त्याच्याच कुलपात परत पाठवते. झालं. बाळूचा गुप्त आकडा लबाडाच्या हातात, आणि बाळूची पक्की खात्री की आपण अलकाशी बोलतोय. एकही कुलूप फुटलेलं नाही.

हे सतरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. गॅव्हिन लो यांनी १९९५ मध्ये हा हल्ला दाखवला, आणि पुढच्याच वर्षी मॉडेल चेकर वापरून तो शोधता येतो हेही दाखवलं. दुरुस्ती इतकीच की दुसऱ्या निरोपात बाळूने आपलं नाव लिहायचं. शनिवारच्या बैठकीत हे मी कागदाच्या चिठ्ठ्या आणि लिफाफे घेऊन करून दाखवतो. चौथा लिफाफा अलकाच्या हातात पडतो तेव्हा खोलीत एकदम शांतता होते.

आज प्रोटोकॉल बनवतानाच हे काम होतं. तुमचा ब्राउझर बँकेशी बोलतो तो टीएलएस १.३ हा प्रोटोकॉल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याचे मसुदे तयार होत असतानाच टॅमरिन आणि प्रोव्हेरिफ या साधनांनी त्याचं विश्लेषण सुरू होतं.

एकदा सिद्ध केलं की ते हॅक होऊच शकत नाही, असं म्हणता येईल?

म्हणता येईल ते एवढंच: पक्षात लिहिलेल्या गोष्टी खऱ्या असतील तोवर साध्यात लिहिलेली गोष्ट मोडणार नाही. या विषयात काम करणाऱ्या माणसाची खरी परीक्षा पक्ष वाचण्यात आहे.

ऑस्ट्रेलियात तयार झालेला सेल४ हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा २००९ मध्ये पूर्ण सिद्ध झाला. सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळी, आणि त्यांची सिद्धता इझाबेलमध्ये जवळपास दोन लाख ओळींची. त्या पेपरात लेखकांनी स्पष्ट लिहिलं होतं की कंपायलर, हार्डवेअर, असेंब्लीतला भाग आणि मशीन सुरू होतानाचा कोड बरोबर आहे असं आम्ही गृहीत धरतो. हा प्रामाणिकपणा मला त्या दोन लाख ओळींइतकाच मोलाचा वाटतो. पुढे २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधली स्पेक्टर आणि मेल्टडाउन ही छिद्रं बाहेर आली आणि 'हार्डवेअर बरोबर आहे' या गृहीतकात किती काय दडलेलं असतं ते सगळ्यांना कळलं.

दुसरं उदाहरण वायफायचं. डब्ल्यूपीए२ मधली ओळख पटवण्याची पद्धत सुरक्षित असल्याची सिद्धता झालेली होती. तरी २०१७ मध्ये क्रॅक हा हल्ला आला. जुनी किल्ली पुन्हा बसवायला लावली की काय होतं, हे सिद्धतेच्या मॉडेलमध्ये नव्हतंच. सिद्धता चुकली नव्हती, तिच्यात मांडलेलं जग अपुरं होतं.

म्हणून कुणी 'आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के सुरक्षित' म्हटलं की आमच्याकडचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा विचारतो: दावा नेमका काय, आणि कशाच्या भरवशावर?

गणित किती लागतं? माझं एम-थ्री दोनदा राहिलंय.

एम-थ्रीमधलं (इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरातलं) इंटिग्रेशन इथे फारसं लागत नाही. लागतं ते तर्कशास्त्र, संच, संबंध, ग्राफ आणि मुख्य म्हणजे गणिती विगमन (इंडक्शन). 'पहिल्यासाठी खरं, आणि एकासाठी खरं असेल तर पुढच्यासाठी खरं' हे ज्याच्या अंगात मुरलं त्याला लूपची सिद्धता जमते. क्रिप्टोग्राफीकडे जायचं असेल तर संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), बीजगणित आणि संभाव्यता नीट हवी.

आकडेमोडीपेक्षा वाक्य अचूक लिहिण्याची सवय जास्त लागते. सीताबर्डीच्या मेट्रो इंटरचेंजवर उभं राहून आम्ही मुलांना एक काम देतो: गाड्यांच्या नियंत्रणाने काय पाळावं ते लिहा. सगळे पहिलं वाक्य लिहितात, 'एकाच रुळाच्या तुकड्यावर एकाच वेळी दोन गाड्या येऊ नयेत.' बरोबर. पण एकही गाडी न सोडणारं नियंत्रणही हे वाक्य पाळतं! मग दुसरं वाक्य सुचतं, 'स्टेशनात उभी असलेली प्रत्येक गाडी कधी ना कधी निघावी आणि पुढच्या स्टेशनला पोहोचावी.' पहिल्याला सेफ्टी म्हणतात, दुसऱ्याला लाइव्हनेस. वाईट काही घडू नये आणि चांगलं कधीतरी घडावं, या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि त्या सिद्ध करायच्या पद्धतीही वेगळ्या. पॅरिसच्या मेट्रोची चालकाविना धावणारी १४ नंबरची लाइन १९९८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बी-मेथड ही फॉर्मल पद्धत वापरून, सिद्धतेसकट तयार केलं होतं.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. पेपर इंग्रजीत वाचावे आणि लिहावे लागतात, त्याला पर्याय नाही, आणि ती सवय व्हायला वर्षभर जातं. पण विचार कुठल्या भाषेत करायचा हे तुमच्या हातात आहे. ज्यांनी 'पक्ष, साध्य, सिद्धता' मराठीत केलं त्यांना प्रीकंडिशन आणि पोस्टकंडिशन म्हणजे काय हे पाच मिनिटांत समजतं, कारण गोष्ट ओळखीची असते, फक्त नाव नवं. आमच्या बैठकीत फळ्यावर चिन्हं असतात आणि बोलणं आपलं नागपुरी मराठीत चालतं. 'काहून बे, हा पक्ष कुठून आणला?' हा प्रश्न एखाद्या परीक्षकाच्या प्रश्नाइतकाच बोचतो.

वाचायला सुरुवात करताना आठवड्याला एकच पेपर घ्या. त्यातलं मुख्य प्रमेय मराठीत, स्वतःच्या शब्दांत, चार ओळींत लिहा. चार ओळी जमत नसतील तर पेपर समजलेला नाही.

एथिकल हॅकिंगचा कोर्स करू का? शहरात जागोजागी बोर्ड दिसतात.

नोकरीसाठी काही कोर्स उपयोगी पडतात. सिक्युरिटी ऑपरेशन सेंटरमध्ये किंवा पेनिट्रेशन टेस्टिंगमध्ये (परवानगी घेऊन हल्ला करून बघण्याच्या कामात) जायचं असेल तर साधनं हाताळता येणं गरजेचं असतं. पण तो रस्ता संशोधनाचा नाही. तिथे माहीत असलेली छिद्रं शोधायला शिकवतात. संशोधनात छिद्राचा एक अख्खा प्रकार का निर्माण होतो आणि तो कायमचा कसा बंद करता येईल, हे विचारतात. पैसे भरण्याआधी एनपीटीईएलवरचे (आयआयटी-आयआयएससीचे ऑनलाइन) कोर्स बघा, ते मोफत आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि कंपायलर हे तीन विषय पक्के करा. ज्याला स्टॅक कसा रचला जातो हे ठाऊक नाही त्याला बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा घालून केलेला हल्ला) पाठ करून काही मिळत नाही.

एखाद्या साइटमध्ये छिद्र सापडलं तर काय करायचं?

हे मनावर घ्या. माझ्याकडच्या एका मुलाला एका संस्थेच्या निकालाच्या पोर्टलवर दिसलं की पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याची गुणपत्रिका उघडते. त्याने उत्साहात आणखी तीसेक आकडे बदलून पाहिले आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकले. दोन दिवसांनी त्याला बोलावणं आलं आणि पोलिसांची भाषा सुरू झाली. ते मिटवायला महिना गेला. त्या काळात त्या पोराला झोप नव्हती, आणि त्याच्या आईचे फोन मी अजून विसरलो नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं किंवा डेटा काढणं चूक आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'मी चांगल्या हेतूने केलं' हे नंतर तुम्हाला पटवून द्यावं लागतं. म्हणून: चुकून काही दिसलं तर तिथेच थांबा. दुसऱ्याचा डेटा उघडू नका, साठवू नका, कुणाला पाठवू नका. काय केलं आणि काय दिसलं ते तारीख-वेळेसह लिहा आणि संस्थेला कळवा. उत्तर आलं नाही तर सर्ट-इनला कळवा. देशातल्या अशा घटनांसाठीची ती सरकारी संस्था आहे आणि २००४ पासून काम करते. वीज, बँक, रेल्वे यांसारख्या अत्यावश्यक यंत्रणांसाठी एनसीआयआयपीसी आहे. सराव करायचा असेल तर तो स्वतःच्या मशीनवर, सीटीएफ स्पर्धांमध्ये (मुद्दाम ठेवलेली छिद्रं शोधायच्या) किंवा ज्या कंपन्यांनी बग बाउंटीची (छिद्र शोधून कळवल्यास बक्षीस) लेखी परवानगी दिली आहे तिथे, त्यांच्या नियमात राहून करा.

नागपुरात राहून यात काही करता येतं का, की पुण्या-बंगळुरूला जावंच लागतं?

सुरुवात इथेच करता येते, आणि चांगली करता येते. या विषयाला महागडी लॅब लागत नाही. साधनं मोफत आहेत आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतात. व्हीएनआयटी (जुने लोक अजून व्हीआरसीईच म्हणतात) आणि २०१६ मध्ये सुरू झालेली ट्रिपलआयटी इथेच आहे. तिथल्या खुल्या व्याख्यानांवर लक्ष ठेवा. बाहेरच्या कॉलेजची मुलं आली म्हणून कुणी हाकलत नाही, आधी एक मेल टाकून विचारायचं.

पहिले तीन महिने एकच साधन धरा. मी डॅफ्नी सुचवतो: प्रोग्रामच्या शेजारीच पक्ष आणि साध्य लिहायचे, आणि तो लगेच सांगतो सिद्ध झालं की नाही. बायनरी सर्च, सॉर्टिंग, मग लिंक्ड लिस्ट. सॉर्टिंगमध्ये 'उत्तर चढत्या क्रमात आहे' एवढंच लिहिलं तर सगळी यादी पुसून शून्यं भरणारा प्रोग्रामही पास होतो, हे स्वतः अनुभवा. नंतर प्रोटोकॉल आवडत असतील तर टॅमरिन, वितरित प्रणाली (अनेक मशीन मिळून चालणाऱ्या) आवडत असतील तर लेस्ली लॅमपोर्ट यांचं टीएलए प्लस (प्रणालीचं डिझाइन गणितात लिहायची भाषा), गणित आवडत असेल तर लीन.

उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा हे काम छान होतं. मे महिन्यात कूलरसमोर बसून आमच्या दोन मुलींनी एका रांगेच्या प्रोग्रामची सिद्धता पुरी केली. एका ओळीवर अकरा दिवस अडल्या होत्या. शेवटी निघालं की प्रोग्राम बरोबर होता आणि साध्य चुकीचं लिहिलं होतं.

पीएच.डी. कुठे करावी?

आधी गाईड, मग विषय, मग संस्थेचं नाव. हा क्रम उलटा करून पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत.

देशात फॉर्मल मेथड्सची जुनी परंपरा असलेली ठिकाणं म्हणजे आयआयटी मुंबई, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट (सीएमआय), चेन्नईचीच आयएमएससी (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस), मुंबईची टीआयएफआर आणि बंगळुरूची आयआयएससी. आयआयटी कानपूरमध्ये सायबर सिक्युरिटीचं मोठं केंद्र आहे. क्रिप्टोग्राफीसाठी कोलकात्याची आयएसआय आणि हार्डवेअरच्या सुरक्षेसाठी आयआयटी खरगपूर यांची नावं आदराने घेतली जातात. हैदराबादची ट्रिपलआयटीही बघा. नागपूर या बाबतीत सोयीचं आहे. चेन्नईला मुलाखत असेल तर जी.टी. एक्सप्रेस इथूनच जाते, मुंबईला दुरांतोने रात्रीत पोहोचता येतं.

गेट द्यावीच लागते?

बहुतेक ठिकाणी गेटचा स्कोअर किंवा नेट-जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मागतात. टीआयएफआरची स्वतःची परीक्षा असते, सीएमआयची वेगळी, आयएमएससीसाठी जेस्ट ही परीक्षा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर एम.टेक.शिवायही पीएच.डी.ला अर्ज करता येतो. आयआयटीत ही सोय आधीपासून होती. मुलाखतीत मात्र स्कोअर विसरला जातो. तिथे फळ्यावर उभं करतात आणि एखादं सोपं वाटणारं विधान सिद्ध करायला सांगतात. येत नसेल तर 'येत नाही, पण मी असा विचार करेन' म्हणा. त्याला गुण असतात.

पोरगं पाच-सहा वर्षं शिकतच बसलं तर घर कसं चालायचं?

काका, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पूर्णवेळ पीएच.डी.त स्टायपेंड मिळतो. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनंतर एसआरएफ (सिनिअर) झाल्यावर ४२,०००. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रिसर्च फेलोशिपमध्ये ७०,००० पासून ८०,००० पर्यंत मिळत आले आहेत, पण तिथे निवड कडक असते. एम.टेक.ला गेटवाल्यांना १२,४०० मिळतात, ते होस्टेल आणि मेसमध्येच संपतात, हे खरं. म्हणजे पोरगं स्वतःचं भागवेल, थोडंफार घरीही पाठवू शकेल. पण घरावर कर्ज असेल आणि मिळवतं दुसरं कुणी नसेल तर आधी दोन-तीन वर्षं नोकरी करू द्या. या विषयात उशिरा आलेल्या माणसाला कमी लेखत नाहीत. मी स्वतः चार वर्षं नोकरी करून आलो.

परदेशात?

जर्मनी आणि फ्रान्समध्ये पीएच.डी. म्हणजे बहुधा पगारी नोकरीच असते. जर्मनीतल्या झारब्रुकनला सिस्पा आणि मॅक्स प्लांक, फ्रान्समध्ये इन्रिया ही या विषयाची मोठी घरं. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात, पण फी माफ होऊन स्टायपेंड मिळतो. एजंटची गरज कुठेच नाही. पीएच.डी.साठी कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठून या.

प्राध्यापकांना मेल कसा लिहायचा? उत्तरच येत नाही.

कारण मेल असा असतो: 'रिस्पेक्टेड सर, मी आपल्या महान संशोधनाने प्रभावित झालो आहे, मला आपल्याकडे इंटर्नशिप द्यावी, सोबत बायोडेटा.' हाच मेल चाळीस जणांना गेलेला असतो आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

आमच्याकडच्या एका मुलीने लिहिलेला मेल सात ओळींचा होता. पहिल्या ओळीत पेपरचं नाव. मग: 'तिसऱ्या विभागातलं दुसरं उदाहरण मी तुमच्या साधनात चालवून पाहिलं. लूपची मर्यादा दहाच्या वर नेली की ते माझ्या मशीनवर थांबत नाही. मर्यादेशिवाय सिद्ध करण्यासाठी पुढचं इन्व्हेरियंट पुरेल असं मला वाटतं.' पुढे ते इन्व्हेरियंट (लूपच्या प्रत्येक फेरीत खरं राहणारं वाक्य) आणि कोडची लिंक. तिचं इन्व्हेरियंट चुकलं होतं. तरी उत्तर त्याच रात्री आलं, आणि उन्हाळ्यात ती तिथे गेली.

पेपर कुठे छापायचे? आमच्याकडे दोन पेपर सक्तीचे आहेत.

इथे मला स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. एम.टेक.ला असताना आम्हाला एका जर्नलचा पत्ता दिला गेला. अडीच हजार रुपये भरले, तिसऱ्या दिवशी 'स्वीकारला' असं उत्तर. एकाही परीक्षकाची एकही सूचना नाही. पुढे पीएच.डी.त असताना मी तो पेपर पुन्हा काढला आणि दुसऱ्याच पानावर चूक सापडली. मुख्य दावाच खोटा होता. कुणी वाचलाच नव्हता. ते अडीच हजार गेल्याचं दुःख नाही, मला कुणीतरी 'हे चुकलंय' म्हणायला हवं होतं, ते कुणी म्हटलं नाही. तो पेपर मी बायोडेटातून काढला आहे आणि मुलाखतीत विचारलं तर हेच सांगतो.

आपल्या विषयात मानाची जागा जर्नलपेक्षा परिषदांची आहे. फॉर्मल मेथड्ससाठी कॅव्ह, टॅकास, पॉपल, लिक्स. सिक्युरिटीसाठी आयईईई एस अँड पी, युजनिक्स सिक्युरिटी, सीसीएस, एनडीएसएस. देशात १९८१ पासून भरणारी एफएसटीटीसीएस आणि २००० पासूनची इंडोक्रिप्ट, दोन्ही डिसेंबरात. विद्यार्थी म्हणून नुसतं ऐकायला जा, प्रवासखर्चासाठी मदत मिळते का ते आयोजकांना विचारा. पेपर नाकारला गेला तर परीक्षकांच्या सूचना जपून ठेवा. आयुष्यात इतक्या बारकाईने फार कमी लोक तुमचं लिखाण वाचतील.

नोकऱ्या आहेत का? आणि नागपुरात?

आहेत, पण संख्या थोडी आणि निवड कसून. चिप बनवणाऱ्या कंपन्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारातल्या चुकीपायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले, आणि त्यानंतर हार्डवेअरमध्ये फॉर्मल व्हेरिफिकेशनने चांगलं मूळ धरलं. बंगळुरू, नोएडा, हैदराबाद इथे या कामाच्या जागा नियमित निघतात. पुण्यात टीसीएसचं १९८१ पासूनचं संशोधन केंद्र आहे. तिथे तयार झालेलं व्हेरिअ‍ॅब्ज हे साधन सॉफ्टवेअर व्हेरिफिकेशनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिलं आलेलं आहे. बंगळुरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्च आहे. अ‍ॅमेझॉनच्या इंजिनिअरांनी क्लाउडच्या प्रणालींसाठी टीएलए प्लस वापरल्याचा अनुभव २०१५ मध्ये लिहिला. त्यातला एक बग दिसायला किमान ३५ पायऱ्या एका ठराविक क्रमाने घडाव्या लागत होत्या. टेस्टिंगमध्ये तो कधी सापडणार? आणि तुम्ही फायरफॉक्स वापरत असाल तर २०१७ पासून त्यातल्या क्रिप्टोग्राफीचा काही भाग सिद्ध केलेला आहे.

नागपुरात मिहान आणि परसोडीच्या आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअरचं काम भरपूर आहे, पण 'फॉर्मल व्हेरिफिकेशन इंजिनिअर' अशी जाहिरात मी इथे पाहिलेली नाही. इथे राहायचं असेल तर शिकवणं, दूरस्थ काम, किंवा सिक्युरिटी टीममध्ये राहून ही पद्धत स्वतः आणणं, हे तीन रस्ते. तिसऱ्या रस्त्यावर गेलेला आमचा एक विद्यार्थी पेमेंटच्या प्रणालीचं डिझाइन आधी टीएलए प्लसमध्ये लिहितो. त्याच्या मॅनेजरला ते नाव अजून उच्चारता येत नाही, पण परताव्याचे पैसे दोनदा जमा होणारी चूक कोड लिहायच्या आधी पकडली गेली, तेव्हापासून त्याला दर वेळी आठवडाभर मोकळा मिळतो.

एआय कोड लिहायला लागलं. आता याची गरज उरेल?

माझ्या मते वाढेल. कोड जितका झपाट्याने तयार होईल तितका तो वाचणारा माणूस कमी पडेल, आणि न वाचलेल्या कोडवर भरवसा ठेवायचा तर सिद्धता हाच आधार. सिद्धता कुणीही लिहिली तरी तपासणारं साधन तेच राहतं. २०२४ मध्ये गुगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफने गणित ऑलिम्पियाडचे प्रश्न लीनमध्ये सोडवले, तेव्हा उत्तरावर विश्वास बसला तो लीनने पायऱ्या तपासल्या म्हणून. पण साध्य काय लिहायचं हे माणसालाच ठरवावं लागतं, आणि सॉर्टिंगचं साध्य लिहिताना काय होतं ते वर पाहिलंच. तुम्ही शिकायचं ते हे.

पीएच.डी. मध्येच सोडावी लागली तर?

सोडता येते. दोन वर्षांत कळतं की हे आपल्याला मानवतंय की नाही. तोवर शिकलेलं वाया जात नाही, कंपन्या अशा लोकांना घेतात. सोडण्याआधी गाईडशिवाय दुसऱ्या एखाद्या प्राध्यापकाशी मोकळेपणाने बोला. पुष्कळदा अडचण विषयाची नसून माणसांची असते, आणि गाईड बदलता येतो.

शनिवारच्या बैठकीला यायचं असेल तर काय तयारी करून यावं?

लॅपटॉप नको. एक पानभर कागद आणा. त्यावर यादीतली सर्वांत मोठी संख्या काढणारा लूप लिहा, ज्या भाषेत येतो त्या भाषेत. खाली तीन ओळी: पक्ष काय, साध्य काय, आणि लूपच्या प्रत्येक फेरीअखेर कोणतं वाक्य खरं राहतं. यादी रिकामी असेल तर काय, याचाही विचार करून या. सुरुवात तिथूनच होते.